पोटाखाली

पहिला बर्फ पडायच्या आत चाकं बदलायची
आणि ब्रेकच्या नळ्यांवरचा गंज बघून घ्यायचा,
एवढंच काम. बेचाळीस वर्षं ते माझं होतं.
यंदा आउने करतेय.
मी गॅरेजच्या दाराशी खुर्चीत, मांडीवर घोंगडी,
घोंगडीवर माझा उजवा हात,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
मार्चपासून माझ्याकडे दोनच शब्द उरलेत, 'बरं' आणि 'नको'.
त्यांचीही अदलाबदल होते.

तिने हँडब्रेक ओढला, गिअर टाकला,
मागच्या चाकांना बर्चच्या पाचरी ठोकल्या, पुढून आणि मागून.
चौथी बसेना तेव्हा शिवी हासडली,
माझीच, माझ्याच स्वरात.
मग जॅक सरकवला इंजिनाखालच्या आडव्या तुळईपाशी.
तेलाच्या टाकीला टेकला तर? मी घसा खाकरला.
'दिसतंय मला, वाइनो.'
दांडा खाली, वर, खाली,
आणि आमची कोरोला नाक वर करून उभी राहिली,
वाऱ्यात काहीतरी हुंगणाऱ्या रेनडिअरसारखी.

नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली शिरलेला
एक माणूस आमच्या रस्त्यावर राहायचा.
त्याच्या बायकोला आम्ही दर नाताळात मासा नेऊन देतो.

आमच्या भाषेत त्या लोखंडी स्टँडला बोकड म्हणतात.
दोन बोकड. दोघांच्या डोक्यावर
आमच्या एसाच्या हॉकीच्या रबरी चकत्या,
मधोमध करवतीने चीर पाडलेल्या,
म्हणजे दाराच्या उंबरठ्याखाली लोंबणारी पत्र्याची कड
चिरेत बसते, मुडपत नाही.
चकत्या कापल्या म्हणून एसा आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता.
आता तो ओउलूत लोकांचे दात बसवतो.

आउने गुडघ्यांवर बसली. अंग बाहेर, फक्त हात आत.
तळाचा पत्रा नव्हे, तो चेपतो. नळ्या तर नव्हेतच.
कडेवर दोन खाचा असतात, मध्ये चार बोटं जागा,
तिथे आत पत्रा दुहेरी असतो.
ती बोटांनी वाचत गेली
आणि थांबली.

खाचेच्या वीतभर मागे.
तिथे कड मुडपलेली आहे, वरचा पत्रा बशीसारखा खचलाय,
त्यावर काळ्या रंगाचे दोन हात.
मला ठाऊक आहे. ते मी दिलेत.
गाडी नवी, मला घाई, जॅकचं लोखंड उघडं,
आणि ती 'जपून' म्हणाली त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती.
तेरा वर्षं मी सांगत आलो,
गंज रस्त्यावरच्या मिठाने लागतो.

तिने वळून पाहिलं.
बोटाच्या टोकावर काळी खपली, तपकिरी भुगा.
'मीठ,' ती म्हणाली.
मला पुष्कळ काही म्हणायचं होतं.
निघालं ते, 'बरं.'

ती हसली का, कळलं नाही, तोंड पुन्हा गाडीकडे होतं.
काही गोष्टी पोटात घालायच्या असतात, तिची आई म्हणायची.
गाडीच्या पोटात घातल्या की त्या पसरतात.

तिने बोकड खाचांच्या मधोमध आणला,
खिळा आरपार घातला, मग दुसऱ्या बाजूचा,
कड चिरेत नीट येतेय ना, बोटाने पुन्हा पाहिलं.
जॅकचा स्क्रू पाव वळसा सैल.
गाडी उतरताना एक बारीक सुस्कारा,
रबर दबलं, आणखी दबलं, थांबलं.
आउनेने खांदा लावून ढकललं. मग जोरात.
फक्त आरशाला लटकवलेली माझी टोपी हलली.
काढलेलं चाक तिने आडवं करून उंबरठ्याखाली सारलं,
न जाणो.

'जाऊ खाली?'
हे ती मला विचारत होती.
मी दोन शब्दांच्या मधली जागा जिभेने चाचपत राहिलो,
घाई न करता,
आणि तिने बॅटरी पेटवून हातात धरली, थांबली.