चार्ज देताना

ये, येसेनिया. बस. आधी किल्ल्या.
ही गाडीची. हिचा हीटर फक्त डावीकडे चालतो.
ही पुराव्यांच्या कपाटाची, जरा उचलून फिरवायची.
टॉर्च सरकारी नाही, माझा आहे.
राहू दे तुझ्याकडे.

तेवीस वर्षं राज्याच्या अग्निसुरक्षा खात्यात.
नेब्रास्काच्या चार काउंट्या,
मक्याची उंच कोठारं, चौथ्या जुलैचे फटाक्यांचे तंबू,
शाळा, मोटेल, दोन तुरुंग.
कोठारातली धूळ दारूगोळ्यासारखी उडते,
हे शेतकऱ्याला शिकवायला जाऊ नकोस.
त्याचा आजा तिच्यातच गेलेला असतो.
तू नुसता झाडू माग.

होलूबचा नाचाचा हॉल दर वसंतात बघायचा.
मागच्या दाराला साखळी असेल.
फुकटी पोरं बिअरसाठी आत घुसतात, म्हणतील.
स्टॅनिस्लाव म्हातारा कोलाचे पुढे करेल,
खसखशीचे, भट्टीतून आत्ता काढलेले.
आधी नोटीस लिही, मग खा.
मी एकदा आधी खाल्ले
आणि पेन जड झालं.
त्या शनिवारी तिथं लग्न होतं, तीनशे माणसं.
रात्रभर फोनशेजारी बसून होते.
काही झालं नाही.
सोमवारी जाऊन साखळी कापून आणली.
खालच्या खणात आहे. तिचं काय करायचं ते तू ठरव.

आग लागल्यावर विहीर खणणारे
म्हणून हसतात आपल्याला.
हसू देत. आपण खणतोच,
पण पाण्यासाठी नाही.
गवंड्याच्या थापीनं, एका वेळी बोटभर थर:
वर छप्पर, त्याखाली छत,
त्याखाली पलंगाच्या बसलेल्या स्प्रिंगा,
आणि त्याखाली जे असेल ते.
तिथं पोचलीस की घाई करू नकोस.
बाहेर उभ्या माणसांना घाई असते, तुला नाही.

जुना बल्ब सापडला तर पुसू नकोस.
काच मऊ होते तेव्हा आगीच्या बाजूनं फुगते,
नाक काढून दाखवते: तिकडून आली.
बहुतेक वेळा खरं बोलते.
पोकोर्नींच्या घरात मात्र तिचं नाक
विजेचा हीटर आणि भिंतीतली जुनी वायर
यांच्या बरोबर मधोमध.
हीटर मिलाननं लावलेला, पोरांना थंडी वाजते म्हणून.
वायर घरमालकाची.
फॉर्मवर 'कारण'पुढे दीड इंच जागा असते.
मी लिहिलं, ठरवता आलं नाही.

मिलान दरवर्षी किराणा दुकानात भेटतो.
ट्रॉली थांबवतो. काही कळलं?
मी नाही म्हणते.
तो मान हलवतो, दूध घेतो.
पूर्वी गॅलनचा कॅन घ्यायचा,
आता सगळ्यात लहान खोका.
यापुढे तुला विचारेल.
जे आहे तेच सांग,
आणि सांगताना डोळे फळ्यांवर वळवू नकोस.
मी वळवले असतील एखाद्या वर्षी.

का सोडतेय, विचारत होतीस.
गुडघे नाहीत. गुडघे ठीक आहेत.
नोव्हेंबरमध्ये वृद्धाश्रमाची तपासणी होती.
नऊ नंबरच्या खोलीत अलार्मचं बटण दाबलं.
शांत.
वहीत लिहायला घेतलं, बंद आहे,
तर नर्स कानांवर हात दाबून उभी,
आणि खुर्चीतली ॲग्नेस व्होंड्रा, वय एक्याण्णव,
माझ्यासारखीच निवांत, विणत बसलेली.
आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.
इतका बारीक आवाज म्हाताऱ्या कानांना लागतच नाही, म्हणे.
त्या खोल्यांसाठी जाड आवाजाचे अलार्म मागवलेत.
मंजुरी अडकलीय लिंकनला.
दर सोमवारी फोन कर. कंटाळतील, मग देतील.

बाकी सगळं फाइलींत आहे.
हो, एक राहिलं.
या ऑफिसच्या छतावरचा तो पांढरा,
त्याची महिन्याची चाचणी आज आहे.
चढ खुर्चीवर. दाब.
मी तुझ्या चेहऱ्याकडे बघते.