हेल्मेटं रात्री येतात

हेल्मेटं रात्री येतात, जेवणं झाल्यावर.
आत दुसऱ्याच्या कपाळाचं मीठ,
कानाच्या गादीवर लाल माती, एखादा केस.
सोबत चिठ्ठी: कधी ऐकू येतं, कधी नाही.
(आई बाबांविषयी हेच म्हणायची,
नेब्रास्कात, स्वयंपाकघराच्या दारातून.)

प्लेइकूबाहेर, धावपट्टीच्या कडेला
आमचा पत्र्याचा कंटेनर. आम्ही नऊ जण.
कंपनीच्या यादीत सगळ्यात खाली,
आचाऱ्यांच्याही खाली.
आम्ही उडत नाही.
आम्ही तार खरवडतो, टोक कथिलात बुडवतो,
फुंकर मारतो.
फुंकर मारू नये, असं पुस्तकात आहे.

पहाटे पाती फिरू लागली
की टेबलावरचे स्क्रू हळूहळू
कडेकडे सरकतात, आणि मी
एका हातानं त्यांची वाट अडवून
दुसऱ्या हातानं कॉफी पितो.

बाहेर भिंतीशी ह्लुइ वाळूची पोती भरते.
जराई बाई. चाळिशीची असेल, पंचविशीचीही.
आखूड पाईप दातात धरून
तारांचे टाकाऊ तुकडे मागून नेते,
पिवळे आधी, मग हिरवे.
काळे घेत नाही.
एकदा तिच्या कानाला हेडसेट लावला.
बराच वेळ ऐकलं तिनं.
मग काढून माझ्या हातात दिला, म्हणाली,
"सगळे एकदम बोलतात."

मार्चमधल्या त्या रात्री हॅव्हलिकचा सेट आला.
चारशे एकाहत्तर नंबरचं हेलिकॉप्टर,
वळताना आवाज बुडायचा.
तीन तास गेले. दोष कुठे, तर
एका सांध्यात, ज्वारीच्या दाण्याएवढा.
दोन वाजता यंत्रात बसून मी विचारलं,
कसा ऐकू येतोय?
टॉवरमधला पेंगुळलेला पोरगा म्हणाला,
माझ्या खाटेवर बसल्यासारखा.
त्या रात्री मला गाढ झोप लागली.

सकाळी सात हेलिकॉप्टरं गेली.
मी टेबलावरचा स्पीकर लावून ठेवला.
हॅव्हलिक: दोन जखमी, एक चालता, निघालोय.
एकेक अक्षर सुटं, धुतल्यासारखं.
मी हसलो. मांडीवर हात पुसले.
मग त्याच आवाजात, त्याच खणखणीत आवाजात
आकडे आले. आणि आकड्यांमागे, खात्रीसाठी,
एका गावाचं नाव, अडखळत वाचलेलं:
प्लेइ ग्रूह.

भिंतीपलीकडचं फावडं थांबलं.

मी स्पीकर बंद केला.
का केला, माहीत नाही. त्यानं काय होणार होतं?
माझ्याकडे ऐकायचं यंत्र होतं,
बोलायचं बटण हॅव्हलिकच्या बोटाखाली.
आणि खरं सांगायचं तर बटण असतं तरी
मी काय म्हटलं असतं,
हे मी अजून ठरवतोय.

दार उघडलं तेव्हा ती रस्त्यावर होती,
पळत नव्हती. भरभर चालत होती,
पाईप अजून दातात.
दुसऱ्या दिवशी पोती भरायला दुसरी बाई आली.
तिला मी नाव विचारलं नाही.

हॅव्हलिकचं हेल्मेट आठवड्यानं आलं, फक्त पट्टा तुटलेला.
आत चिठ्ठी: आता उत्तम ऐकू येतं. आभार.
ती मी फ्यूजांच्या डब्यात ठेवली.

भिंतीत, खालून तिसऱ्या रांगेत,
एक पोतं अर्धंच भरलेलं आहे.
त्यावर आम्ही पुढच्या रांगा चढवल्या.