वजनकाट्यावरची कुंडी

पहिल्या जिमला काच होती, पण आतून कागद चिकटवलेला.
"पालक दिसले की मुलं बिघडतात," गेदेओन म्हणाले.
मी बाहेरच्या बाकावर बसून आवाज ऐकले:
धप्प. शांतता. धप्प. शांतता.
ती शांतता माझ्या ओळखीची होती.
नऊ वर्षांची असताना मीच ती पाळत होते,
दर सोमवारी, रांगेत,
आदल्या रात्रीपासून घोटभर पाणीही न पिता.

बाहेर आल्यावर बोर्कानं काही विचारलं नाही, मीही नाही.
ट्राम येईपर्यंत ती फुटपाथच्या कडेवरून चालत राहिली
हात पसरून, आधी अंगठा टेकवत,
कुणी न शिकवता.

दुसऱ्या जिमबद्दल खरं सांगते.
तिथं सगळं होतं. फोमचा खड्डा, स्प्रिंगची जमीन,
कपांनी वाकलेली फळी.
तिथल्या बाईंनी बोर्काचा पाय हातात घेतला,
घोडा विकत घेताना खूर बघतात तसा,
आणि म्हणाल्या, "हा पाय आहे."
एवढंच. हा पाय आहे.
आणि माझ्या आत कुणीतरी ताठ उभं राहिलं,
पोट आत, हनुवटी वर,
जी मेली असं मी झोंबोरला लग्नाआधीच सांगितलं होतं.
फी वाचून तो म्हणाला, गाडीचा गिअरबॉक्स याहून स्वस्त.
मी तीन रात्री तो पाय उशाशी घेऊन झोपले.

तिसरी जिम पोलाद कारखान्याच्या जुन्या खानावळीत.
मिश्कोल्त्सचा नोव्हेंबर आत येऊन बसलेला,
गाद्या तीन रंगांच्या, ठिगळांच्या,
भिंतींना अजून कोबीचा वास.
मी यादी काढली. परवाना? आहे.
दहा मुलींमागे शिकवणारे किती? दीड.
(अर्धी म्हणजे सोळा वर्षांची एक, पाय प्लास्टरमध्ये.)
दार बंद असतं का?
"लागतच नाही ते," पिरोश्का नेनी म्हणाल्या, "कोट काढू नका."

तेवढ्यात एक मुलगी बारवरून पडली.
नेनी ओरडल्या नाहीत. शेजारी जाऊन जमिनीवर बसल्या,
विचारलं, "पाठीला हात लावू?"
मुलगी म्हणाली, "नको."
त्यांनी हात आपल्याच मांडीवर ठेवले, आणि बसून राहिल्या.
जिममध्ये मुलीचं "नको" हवेत तसंच राहिलेलं
मी पहिल्यांदा ऐकलं.

जाताना बोळात तो दिसला.
तोच हिरवा, लोखंडी, माणसाएवढा वजनकाटा.
माझ्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या,
जणू तसं केल्यानं हलकं होता येतं.
पण त्यावर जिरेनियमची कुंडी होती
आणि काटा सात किलोवर गंजून थांबलेला.
"भंगारवाला नेईना," नेनी म्हणाल्या,
"आणि ऊन काय ते तेवढ्याच जागी येतं."

लेकराला तळहाताच्या फोडासारखं जपावं म्हणतात.
म्हणणाऱ्यांचा फोड बारवर फुटलेला नसावा.
तो जपला तरी फुटतो.
फुटल्यावर खडूची पूड चोळून पुन्हा चढ म्हणतात,
की आधी बस म्हणतात,
एवढं बघायला मी आठवडाभर ट्राम बदलत होते.

बोर्का म्हणाली, "इथं मधेच पाणी पिता येतं."
मी फॉर्म भरला.
'अपेक्षा' या रकान्यात काहीतरी लिहिलं,
खोडलं,
खोडलेलं वाचता येतंय का ते उजेडात धरून पाहिलं.

दुसऱ्या जिमचा नंबर अजून फोनमध्ये आहे.
रात्री पोरीची पावलं पांघरुणाबाहेर येतात.
मी ती आत सारते,
दिवा न लावता.