मानस

मांडूरच्या बांधावर मानस आहे, लाकडी, दोन झडपांची.
भरतीला मिटते, ओहोटीला उघडते.
शाळेत हा शब्द मी मन म्हणून शिकले,
घरी तो खारं पाणी अडवणारं दार होता.

बांबोळीला, सकाळी आठला, मी इन्क्युबेटर उघडते.
सदतीस अंश. ताटलीत उंदराच्या मेंदूतल्या कोवळ्या पेशी,
अजून काहीच न झालेल्या, नुसत्या दुभंगत राहणाऱ्या.
थांबायचं केव्हा, हात पसरायचे केव्हा,
हे त्यांना आतून कुणीतरी सांगावं लागतं.
सांगतो एक एन्झाइम, कायनेज.
फॉस्फेटचा एवढासा तुकडा उचलतो,
शेजारच्या प्रथिनाला चिकटवतो. बस.
ते प्रथिन कूस बदलतं, पुढच्याला चिकटवतं,
आणि केंद्रकापर्यंत निरोप जातो :
पुरे झालं वाढणं, आता गुंडाळ.

परवा मी तो कायनेज औषधाने अडवला.
पेशी मेल्या नाहीत.
वाट बघत राहिल्या. तेच बघवेना.

सुगंधाची निहारा अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मली,
याच आवारात, काचेच्या पेटीत वाढली.
डॉक्टर म्हणाले, मायलिन उशिरा येतंय.
येतंय, म्हणाले.
ते एक क्रियापद मी ओटीत बांधून घरी आणलं.

आता अडीच वर्षांची आहे. पावलं कात्रीसारखी पडतात.
बाबा तिला खांद्यावर घेऊन बांधावर नेतात,
मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यातली
काळुंद्रं दाखवतात, शेवटे दाखवतात.
काल मला म्हणाले, तू शिकलेली. केव्हा चालेल?
मी म्हटलं, एकेका पेशीला कितीतरी तंतू गुंडाळायचे असतात,
वेढ्यावर वेढा, मधे जागा न सोडता…
'तें आसूं गो. दार कोण उघडतं, तेवढं सांग.'

मी नाव सांगणार होते, तीन अक्षरांचं.
ते खाली वाकले, फळीवरचं शेवाळ खरवडू लागले.
'आमी इतलेंच करतात,' म्हणाले. 'उघडतं पाणीच.'

निहारा खुंट्याला धरून उभी होती,
टाचा अधांतरी, चवड्यांवर सगळा भार.
झडप बोटभर हलली.
फटीतून गढूळ पाण्याची एक रेघ आली,
ती तिच्याकडे बघत राहिली, आम्ही तिच्याकडे.

उद्या ताटलीतलं औषध धुऊन काढायचं आहे.
मग मोजायचं,
किती पेशी हात पसरतात.