घासतंय कुठेतरी

मुरैना सोडल्यापासून आवाज वाढत गेला.
आधी नुसती कुरकुर, मग खरखर,
मग कुणी पत्र्याच्या डब्यात फुटाणे घालून
डबा हलवत राहावा रात्रभर, तसा.
थंडी अशी की काचेला आतून दव.
हीटर बंद करावा तर अण्णांचा दमा,
चालू ठेवावा तर माझी झोप.
अण्णा मात्र गाढ, तोंड उघडं टाकून.

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस.
बाकं काढून दोन पलंग, एक ओटा,
आणि मागच्या दारावर तीनदा रंग मारूनही
वर येणारं ते ‘सावधान, बच्चे’.

ट्रान्सपोर्ट नगरात रामसनेही कुशवाह.
मफलर कानांवरून घट्ट,
मशीन ऐकायची वेळ आली
की तेवढा एक कान उघडा करतो.
लांब पेचकसाचं टोक मोटरीवर, मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटून उभा.
ग्वाल्हेरात कुणी असं डोळे मिटून ऐकायला लागलं
की लोकांना लगेच गाणं आठवतं.
मला नाही आठवलं. माझी बोटं गारठली होती.
“बुश गया,” तो म्हणाला.

चार स्क्रू. त्यातल्या एका गंजक्याने तास खाल्ला.
डिझेलचा थेंब, चहा, शिवी, पुन्हा डिझेल.
पंख्याचा पिंजरा बाहेर आला तर त्यात
धुळीची वात, गजकच्या डब्यातला कागद,
आणि माझी कधीची हरवलेली केसांची पिन.
ती मी गुपचूप उचलली.

नवी मोटर दिल्लीहून, आठ दिवस, अकरा हजार,
असं सांगून तो हसला,
म्हणजे घेऊ नका.
भंगारातल्या एका मारुती व्हॅनची मोटर काढली,
शाफ्ट एक सूत बारीक निघाला.
समोरच्या लेथवरचं पोरगं
जुन्या नळाच्या पितळी दांड्यातून बुश कातून घेऊन आलं,
हातात झेलत, गरम,
स्वेटरला पिवळा किस चिकटलेला.

बसवली. बटण दाबलं. काहीच नाही.
मी म्हटलं, नहीं चल रही.
“चल रही है, हाथ रखिए.”
जाळीपुढे हात धरला. ऊब येत होती,
कुणी न बोलता पांघरूण घालून निघून जावं तशी.

रात्री सिथौलीपाशी, मोहरीच्या शेताकडेला गाडी लावली.
मी पाठ टेकली ती गेलेच.
दोनला जाग आली. अण्णा उठून बसलेले.
“लाइट गेली का? चात्या का थांबल्या?”

एकतीस वर्षं हजिऱ्याच्या गिरणीत, रिंगखात्यात.
आवाज थांबला की धावायचं,
हे डोक्याला नाही, पायांना ठाऊक.
पाय खाली सोडून ते अंधारात चपला चाचपत होते.
“अण्णा, मोटर बदलली आज. चालू आहे.”
“मग आवाज कुठाय?”
त्यांचा हात धरून जाळीपाशी नेला.
बराच वेळ त्यांनी तो तिथेच ठेवला.
विश्वास नाही बसला.

गिरणी बंद झाली त्या दिवशी, आई सांगायची,
घरी येऊन ते कान झटकत बसले होते
पाणी गेल्यासारखे.

सकाळी धुकं. शेत दिसेना, नुसता मोहरीचा वास.
मी चहा ठेवला आणि वळून पाहिलं तर
रामसनेहीने वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिलेली
ती जुनी मोटर अण्णांच्या मांडीवर.
कानाशी धरून अंगठ्याने शाफ्ट फिरवत होते.
खर्र.
थांबले. पुन्हा, हळू.
खर्र.
“इथे घासतंय. वेळेवर तेल दिलं असतंस तर...
किती घेतले त्याने?”
“साडेनऊशे.”
“जास्त घेतले,” म्हणाले,
आणि पुन्हा फिरवली.