कोपऱ्यातल्या नऊ

सोलकर सरांचा फोन चिरेखाणीवर आला.
कटर बंद करून घेतला, तरी अर्धा धुळीत गेला.
"घाडी, अंगणाची लादी बदलायची.
आहे ते चौरस. दक्षिणेला लागून
सहा हातांची पट्टी वाढव.
सगळी मिळून दोनशे ऐंशी लागेल,
हातभर लांब, हातभर रुंद."
म्हटलं, "सर, चौरसाची बाजू किती?"
"ती तू काढ," म्हणाले, आणि ठेवला.

शाळा सोडून बावीस वर्षं झाली
आणि हा माणूस अजून गृहपाठ देतो.

जेवणाच्या सुट्टीत
कापलेल्या चिऱ्यावर कोळशाने मांडलं:
बाजूचा वर्ग, अधिक सहा वेळा बाजू,
बरोबर दोनशे ऐंशी.
अवयव पाडायला गेलो, हाताला लागेनात.
टेंपोवाला बाळकृष्ण म्हणाला,
"टेप घेऊन जा नि मोजून ये की रे."
बरोबर होतं त्याचं.
पण मोजून आलो असतो तर सरांना तोंड काय दाखवणार?

मग सुचलं, ते डोक्याला नव्हे, हाताला.
पट्टी सहाची, मधोमध कापली.
तीन हात दक्षिणेला, तीन पूर्वेला.
बघतो तर चौरस होतच आलेला,
फक्त एक कोपरा नाही,
कुत्र्याने कुरतडलेल्या वहीसारखा.

तीन त्रिक नऊ.
"डावीकडे टाकलेस ना? मग उजवीकडेही टाक."
हे सांगताना सर दोन्ही हात
तागडीच्या पारड्यांसारखे धरायचे.
म्हावरं विकणाऱ्या बायकाही
इतक्या काटेकोर नव्हत्या.
दोनशे एकोणनव्वद. सतराचा वर्ग.
सतरातून तीन गेले, चौदा.
कोळसा पुसला नाही.
तो चिरा कुणाच्या तरी भिंतीत असेल आता,
गिलाव्याखाली, उत्तरासकट.

जैतापूरला पोचलो तर सरांच्या एका डोळ्यावर
मोतीबिंदूची हिरवी झापड.
खैरूनचाचींनी सांदण पुढे केलं.
टेप लावला: चौदा हात, बोटभरही इकडेतिकडे नाही.
पण दक्षिणेला चौथ्या हातावर
फणसाचं मूळ वर आलेलं, मांडीएवढं जाड.
"मूळ तोडू नकोस," चाची म्हणाल्या.
मग जशी चिऱ्यावर कापली होती तशीच
अंगणातही पट्टी कापावी लागली.
सर नुसते हसले.
त्यांना मूळ आधीपासून ठाऊक होतं की काय, कोण जाणे.

"आणि दुसरं उत्तर?"
"दुसरं कसलं?"
"सतराच्या वर्गाला उणे सतराही चालतो. तीन वजा कर."
"उणे वीस. पण सर, उणे वीस हातांचं अंगण
कुठे घालू? खाडीत?"
"घालू नकोस. पण आधी लिही, मग खोड.
दारात आलेल्याला निदान विचारावं,
कुणाकडे आलास म्हणून."

बोर्डाच्या पेपरात हेच एक उत्तर मी लिहिलं नव्हतं.
बीजगणितात चौतीस. पस्तीस लागत होते.
त्यांना आठवत होतं का, मी विचारलं नाही.
दोघांनी एकदमच चहा उचलला.

नऊ लाद्या जास्तीच्या आणाव्या लागल्या,
खाणीच्या खालच्या थरातल्या, पिवळट, ओल्या.
सरांनी काठीने टोचून बघितलं.
"ह्या नरम का?"
"जांभा तसाच, सर. जमिनीतून काढला की मऊ.
वारा लागला की घट्ट होतो."
"किती दिवसांनी?"
"ते तुम्ही काढा," म्हटलं.
बिल मी दोनशे ऐंशीचं केलं होतं.
त्यांनी पेन मागितलं, खाली अधिक नऊ लिहिलं,
आणि पैसे मोजून दिले.

परतताना धक्क्यावर थांबलो. पूर्ण ओहोटी.
खांबावरची पाण्याची पट्टी उघडी पडलेली,
आणि शून्याच्या खाली आणखी आकडे,
उणे एक, उणे दोन,
पुढचे कालवांनी झाकलेले.
त्यांच्याखाली वीस नक्कीच नव्हते.
तरी वाकून बघितलं.