प्रवासाचा उद्देश

औषधाच्या दुकानावरच्या खोलीत नायरा बसते.
कुताइसीतून बाहेर जाणारे सगळे रस्ते
तिच्या टेबलावर, पिवळ्या फायलींत.
एकेक उघडून ती माझ्यासमोर सरकवते,
बाजारातली बाई चीजचा तुकडा चाखायला देते तशी:
हा बघ, हा कमी खारट.

पहिला पर्यटकाचा. नव्वद दिवस.
अट एवढीच, की परत येणार याचा पुरावा दे.
घराचा कागद, आईचं दुखणं,
बाजारातला माझा गाळा, जिथे मी
लोकांच्या जॅकेटांना नव्या चेन बसवते.
म्हणजे मालखाझकडे जायचं
तर आधी हे सिद्ध करायचं
की त्याच्याहून प्यारं असं इथे माझं काहीतरी आहे.
आणि गंमत म्हणजे, सिद्ध होतं.
आई आहे. गाळा आहे.
रिओनीकाठचं तुतीचं झाड
ते यादीत धरत नाहीत.

दुसरा विद्यार्थ्याचा.
शेचाळिसाव्या वर्षी मी इंग्रजी शिकायला निघाले,
कोण विश्वास ठेवेल?
"ठेवतात," नायरा म्हणते, "फी भरली की."

तिसरा जोडीदाराचा, लग्नावाचूनचा.
दोन वर्षं एका छपराखाली राहिल्याचा दाखला हवा.
अकरा राहिलो, बाई.
पण विजेचं बिल त्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर,
गॅसचं माझ्या भावाच्या,
आणि एका फोटोत दोघं असे आम्ही नाहीच कुठे,
नेहमी एकजण फोटो काढत होता.
गादीला त्याच्या बाजूने पडलेला खड्डा
नोटरीकडे कसा न्यायचा?
तो गेल्यापासून मी टोमॅटो अर्धाच किलो आणते,
याची पावती कोणी देत नाही.

चौथी फाइल नवराबायकोची.
ती मी उघडलीच नाही.

रात्री फोनवर मालखाझ म्हणाला,
मग करून टाकू की लग्न.
आठ दिवसांची रजा मिळेल, शिक्क्याचं तर काम.
मोनाहनला तो अळंबीच्या शेडमध्ये असतो,
ओलसर उबेत, सुरीने बोटं तपकिरी झालेली.
मागे पंखे घरघरत होते.
पुन्हा बोल, मी म्हटलं, ऐकू आलं नाही.
आलं होतं.
अकरा वर्षांत जे त्याने विचारलं नाही
ते आता रकाना क्रमांक चौदा विचारत होता
आणि हा नुसता त्याचा निरोप्या.

"फॉर्म बाजूला ठेव," मी म्हटलं, "आणि मग विचार."

फोन बंद.
मी भांडी घासली. कुणाच्या तरी कोटाला
उलटी बसलेली चेन उसवली.
पाऊण तासाने वाजला.
पंखे नव्हते आता मागे, वारा होता,
कुठेशी गाय हंबरत होती.
शेडमधून बाहेर, कुंपणापर्यंत चालत गेला होता,
कामाच्या वेळात, पगार कापून घेऊन.
काय विचारलं ते सगळं सांगत नाही.
लग्न हा शब्द त्यात नव्हता.
तुझ्या आईला इथली थंडी बाधेल का,
असं काहीसं होतं,
आणि मग बराच वेळ नुसता श्वास.

सकाळी नायराने विचारलं, ठरलं?
चौथा, म्हटलं.
"तो सगळ्यात महाग."
माहीत आहे.
आणि आईसाठी कुठला?
तिने पिवळ्या फायलींवरून हात फिरवला,
एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत,
मग म्हणाली, थांब, खालून पाणी घेऊन येते.

प्रवासाचा उद्देश: पुढे दोन बोटं जागा.
ती कोरी ठेवून मी
तिच्या बॅगेची कधीची अडकलेली चेन
मेणबत्ती घासून घासून सरकती केली.